काळी, पांढरी आणि महापालिका

पुण्यात सदनिका घेतलेल्या गृहस्थाने आपले खरेदीखत एकदा सावकाश वाचून पाहावे. तो राहतो बिबवेवाडीत आणि पत्ता सांगतो पुण्याचा. परंतु दस्तात मिळकतीचे वर्णन सुरू होते ते 'गाव मौजे बिबवेवाडी' ह्या शब्दांनी. मग सर्व्हे नंबर येतो, हिस्सा नंबर येतो, आणि हा दस्त नोंदला जातो तो दुय्यम निबंधक, हवेली, अमुक क्रमांक, यांच्या कचेरीत. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि नळाचे पाणी पिणाऱ्या ह्या माणसाला सरकारदप्तरी अजूनही एका मौजाची शीव आहे, एक तालुका आहे. हे मौजे कसे चालत होते, त्याचा कारभार कोणाच्या हाती होता, आणि तो हातांतून हातांत जात अखेर शहराच्या महापालिकेत कसा विरघळला, हे सांगण्याचा येथे विचार आहे. गोष्ट बिबवेवाडीची म्हणून सांगत असलो, तरी पुण्याभोवतीच्या पन्नाससाठ गावांना ती थोड्याफार फरकाने लागू पडेल.

प्रथम तालुक्याच्या नावाविषयी. बारामती तालुक्यात बारामती आहे, जुन्नर तालुक्यात जुन्नर आहे. हवेली तालुक्यात हवेली शोधत कोणी हिंडू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. मुसलमानी अमदानीतील महसुली भाषेत ठाण्याभोवतालच्या, सरकारच्या थेट नजरेखालच्या मुलखाला हवेली म्हणत. म्हणजे ह्या तालुक्याला स्वतःचे असे नावच नाही. तो पुण्याच्या संबंधानेच ओळखला जातो. पुणे वाढले की हवेली आटते, हे जणू त्याच्या नावातच लिहिलेले आहे. बिबवेवाडीचे नाव मात्र अगदी मातीतले. ते कानांवर पडताच बिबव्याची आठवण होते. त्याच बिबव्याच्या काळ्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत, आणि ती खूण कितीही धुतली तरी जात नसे.

जुन्या गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जुन्या कागदांत 'समस्त पांढरी' असा जो शब्द येतो, तो नुसत्या घरांसाठी नव्हे. गावाने एकमुखाने काही म्हटले, कबूल केले वा साक्ष दिली, म्हणजे ती पांढरी बोलली. पाटील गावचा मुख्य. वसूल करणे, लावणीसाठी कुळे आणणे, चोराचा माग काढणे, तंटा तोडणे ही त्याची कामे. चौगुला त्याचा मदतनीस. कुलकर्णी दप्तर राखणारा. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, परीट, न्हावी असे बलुतेदार आपापले काम करीत आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून आपला हक्क नेत. वतनाचा, शिवेचा, वाटणीचा तंटा पडला तर गोतसभा बसे, महजर होई, आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सर्वांच्या निशाण्या पडत. पाटलाच्या निशाणीला नांगर, सुताराच्या निशाणीला त्याचे हत्यार. अक्षर न येणारा मनुष्यही त्या कागदावर आपल्या धंद्यानिशी उभा असे. जमीन कसणाऱ्यांतही दोन प्रकार होते. वंशपरंपरेचा मिरासदार आणि बाहेरून आलेला उपरी. गावाच्या बैठकीत वजन पडे ते मिरासदाराच्या शब्दाला.

पेशवाई बुडाली आणि १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. दख्खनचा कमिशनर म्हणून एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ह्या गावगाड्याने त्याला चकित केलेले दिसते. वरचे राज्य नाहीसे झाले तरी आपल्या माणसांचे रक्षण करण्याइतकी शक्ती ह्या गावांत आहे, असे त्याचे मत पडले. त्याच सुमारास पुण्याच्या रेसिडेन्सीतील डॉ. कोट्स यांनी पुण्याजवळच्या लोणी गावची तपशीलवार पाहणी केली. जमीन किती, पिके कोणती, औते कोणती, लोक खातात काय, नेसतात काय, सर्व त्यांनी टिपले. बहुतेक कुळवाडी सावकाराचे देणेकरी आहेत हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनी समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी लोणीकंदची फेरपाहणी करून १९६० साली पुस्तक प्रसिद्ध केले. हवेली तालुक्यातले एक गाव असे दोन वेळा, इतक्या अंतराने, डोळ्यांखालून घातले गेले. हे भाग्य हिंदुस्थानातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असेल.

एल्फिन्स्टन आणि त्याच्यामागून मेटकाफ यांच्या लेखण्यांतून निघालेले हे स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र पुढे आपल्या देशभक्तांना फार आवडले. आम्हांलाही तरुणपणी ते आवडत असे. पण त्या चित्रात कोण दिसत नाही, हेही पाहिले पाहिजे. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण गावची शीव त्याला पाठ. सरकारी टपाल पोचवायचे ते त्याने, खजिन्याबरोबर चालायचे ते त्याने, वाटाड्या व्हायचे ते त्याने. आणि घर मात्र शिवेच्या आत, गावाच्या बाहेर. विहिरीवर हक्क नाही. बायकांचा तर त्या बैठकीत प्रश्नच नव्हता. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी मेटकाफच्या ह्याच चित्राचा समाचार घेतला आणि खेडे हा राज्यघटनेचा पाया न धरता व्यक्ती हा धरला याबद्दल समाधान व्यक्त केले. सभागृहात पुष्कळांना ते झोंबले. त्याच महिन्याअखेर ग्रामपंचायतींविषयीचे कलम मार्गदर्शक तत्त्वांत घालण्यात आले, तेच आजचे ४० वे कलम. दोन्ही बाजू तळमळीच्या होत्या. परंतु डॉ. आंबेडकरांचे म्हणणे पुस्तकी नव्हते. महार वतनाच्या जाचाविरुद्ध मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी १९२८ सालीच बिल आणले होते. त्या वतनाचे जोखड कायद्याने उतरले ते १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतन निर्मूलन कायद्याने. तेव्हा जुनी पांढरी परत आणावी असे आम्ही म्हणत नाही. कोणी म्हणूही नये.

इंग्रजांनी हा गावगाडा मोडण्याचे ठरवले होते असे नाही. तो मोजणीच्या साखळीने मोडला. प्रिंगलसाहेबाची पहिली मोजणी फसली. मग १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुराकडून नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, बांधावर दगड, आकार ठरलेला तो तीस वर्षांसाठी, आणि भरणारा रयत सरकारला एकटा जबाबदार. पूर्वी सारा गाव मिळून सरकाराशी घासाघीस करी. आता प्रत्येकजण आपापली पावती घेऊन परतू लागला. गावखर्च म्हणून जी रक्कम पांढरी आपल्या देवळाला, पाहुण्याला, उत्सवाला लावीत असे, तिला कात्री लागली. पाटील राहिला, पण सरकारचा नोकर म्हणून. १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने आणि १८७४ च्या वतन कायद्याने त्याची कर्तव्ये कलमवार ठरवून दिली. कुलकर्ण्याच्या जागी हळूहळू पगारी तलाठी आला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हा फेरबदल एका फटक्यात केला. आपल्याकडे तो रेंगाळत गेला आणि कुलकर्णी वतने १९५१ मध्ये संपली. दप्तर ज्याच्या मांडीवर त्याचा गाव, ही म्हण कोठे छापलेली आढळणार नाही, पण सातबाराच्या उताऱ्यासाठी खेपा घातलेल्या कोणालाही ती पटेल.

१८६३ पासून साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांना. रिपनसाहेबाच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे निघाली. कागदावर हे स्थानिक स्वराज्य. वस्तुतः मतदार मूठभर आणि खुर्चीवर साहेब. त्याच काळात, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. ते स्वतः काही वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि मांजरीला त्यांची शेतीही होती. त्यामुळे शहराची बाजू आणि शिवाराची बाजू दोन्ही त्यांना आतून ठाऊक. भाजीपाला घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याला नाक्यावर जकात, इकडे सारा, वर लोकल फंड, असा जो हिशेब त्यांनी मांडला, तो वाचताना आम्हांला नेहमी दक्षिणेकडच्या वाड्यांतून पहाटे डोक्यावर पाटी घेऊन निघणाऱ्या माळणी दिसतात. शहर आणि भोवतालची गावे यांच्यातला खरा व्यवहार हाच होता. गावाकडून भाजी, दूध आणि कडबा यावा, वाटेत जकात पडावी. पुण्याची जकात अखेर बंद झाली ती १ एप्रिल २०१३ रोजी.

पाण्याचेही तसेच. नानासाहेब पेशव्यांच्या वेळी कात्रजच्या तलावाचे पाणी नळांतून पुण्याच्या हौदांत आले. इंग्रजांनी १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे केले आणि उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसर-मांजरीकडे नेला. कालव्याखालच्या जमिनीत ऊस आणि मळे आले. कालव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे राहिलेल्या जमिनींनी पावसाकडे आणि विहिरींकडे पाहत राहायचे. पाणी चढ चढत नाही. एकाच तालुक्यात एकीकडे बागायत आणि हाकेच्या अंतरावर जिरायत, असा हा देखावा होता. पुढे ज्या जमिनी घरांसाठी प्रथम विकल्या गेल्या त्या कोणत्या असतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

१९०८ साली विकेंद्रीकरण आयोगापुढे साक्ष देताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ग्रामपंचायतींचा आग्रह धरला होता. त्यांना पुणे म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षपदाचा अनुभव होता. ते शहराचे पुढारी, तरी हा आग्रह त्यांनी खेड्यासाठी धरला. पंचायतींचे कायदे १९२० व १९३३ साली झाले. परंतु गावातल्या प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला हक्काने बसता येईल अशी ग्रामसभा रुजली ती १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने, जो १ जून १९५९ पासून अमलात आला. त्यानंतर वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून निम्म्या. सात ते सतरा सभासदांची पंचायत, वर्षातून किमान चार ग्रामसभा, आणि जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवण्याचे बंधन. ज्या पांढरीत महाराला आणि बाईला तोंड नव्हते, त्या पांढरीला ह्या कायद्याने नवे तोंड दिले. ते सर्वत्र उघडले असे नाही. ग्रामसभा कागदोपत्री उरकणारे सरपंचही पुष्कळ आहेत. तथापि हिशेब विचारायला उभे राहण्याची जागा कायद्याने तयार झाली, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि हा हक्क गावाला मिळत असताना शहर गावाकडे सरकत होते. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महानगरपालिका झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, नदीकाठची वस्ती उठली, आणि शहराला वस्तीसाठी उंच जमीन हवीशी झाली. दक्षिणेकडे सहकारनगर उभे राहिले, गुलटेकडीला मार्केट यार्ड आला, बिबवेवाडीच्या चढावर इंदिरानगरची वसाहत झाली. बसच्या पाटीवर तिचे नाव नुसते 'अप्पर' एवढेच उरले आहे. पुढे त्याच चढावर अभियांत्रिकी महाविद्यालय आले, कामगार विम्याचे रुग्णालय आले, संकुलांमागून संकुले आली. काळीवर पांढरी पसरली आणि पसरता पसरता काळी नाहीशी झाली. गावठाण मात्र जागच्या जागी आहे. अरुंद बोळ, देऊळ, पार. चोहीकडून उंच इमारतींनी वेढलेले ते गाव पाहिले म्हणजे ओढ्याच्या पात्रात राहिलेल्या खडकाची आठवण होते.

ह्या वाढीने अपकारच केला असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. विहिरीचा पोहरा जाऊन नळ आला. दवाखाना, शाळा, गटार, दिवा, बस हे सर्व आले. आणि ज्यांना गावगाड्यात कनिष्ठ ठरवले होते, त्यांच्या मुलांना शहराच्या गर्दीत नाव-गाव न विचारता नोकरी करता आली. ही मोकळीक मोठी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की ह्या देवघेवीत एक गोष्ट हातची गेली आणि तिची पावती कोणी घेतली नाही. २०१७ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक होते. २०११ च्या गणतीप्रमाणे लोकसंख्या ३१ लाखांवर. म्हणजे एका प्रभागात सरासरी पाऊण लाख माणसे आणि त्यांचे चार प्रतिनिधी. त्या पाऊण लाखांनी एका मांडवाखाली बसून आपल्या रस्त्याचा हिशेब विचारावा अशी जागा कोठे? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या खऱ्या. पण एकेका समितीचा पसारा एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा, आणि तिच्यात बसतात ते नगरसेवक. मौजाचा मनुष्य तिच्या दाराशी अर्ज घेऊन उभा राहतो.

येथे थोडे बाहेर पाहू. अमेरिकेत खेडवळ मुलखाचा कारभार काउंटी नावाच्या घटकाकडून चालतो. व्हर्जिनियात १६३४ साली अशा आठ घटकांची आखणी झाली, आणि आज त्या देशात त्यांची संख्या तीन हजारांवर आहे. काउंटीच्या गावी एक कोर्टाची इमारत, तिच्याभोवती चौक, आणि त्या इमारतीत बसणारे बहुतेक अंमलदार निवडून आलेले. फौजदाराच्या जागचा शेरीफ तेथे मतपेटीतून येतो. दप्तर सांभाळणारा कारकूनही पुष्कळ ठिकाणी लोकच निवडतात. म्हणजे आपल्या भाषेत, पाटील आणि कुलकर्णी हे दोघेही दर काही वर्षांनी मते मागायला दारी यायचे. ती व्यवस्था निर्दोष आहे असे नव्हे. दक्षिणेकडच्या कित्येक काउंट्यांत काळ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मतदानापासून दूर ठेवले, आणि शेरीफच त्या कामी पुढे असे. गावाचा अन्याय स्थानिक असला म्हणजे गोड लागतो असे नाही, हे तेथेही दिसते. परंतु शहराने शेजाऱ्याला पोटात घेण्याचा प्रसंग आला तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. न्यू यॉर्कमध्ये ब्रुकलिन सामील झाले ते १८९८ साली. त्याआधी १८९४ मध्ये लोकांचे मत घेतले. ब्रुकलिनमध्ये सव्वा लाखांवर मते पडली आणि सामील होण्याच्या बाजूने निकाल लागला तो तीनशेहून कमी मतांनी. कौल बंधनकारक नव्हता, तरी विचारले तर खरे.

आपल्याकडे अधिसूचना निघते, हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि मग अंतिम अधिसूचना निघते. १९९७ साली ३८ गावे एकदम पुण्याला जोडली. ओरड झाली, आणि पुढे त्यांतली काही संपूर्ण, काही अंशतः वगळली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली. ३० जून २०२१ रोजी आणखी २३. त्या दिवशी पुणे महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरांच्या पलीकडे गेली आणि विस्ताराने ती मुंबईहूनही मोठी झाली. अशा गावचा सरपंच रात्री सरपंच म्हणून निजतो आणि सकाळी नागरिक म्हणून उठतो. ग्रामपंचायतीचे दप्तर टेम्पोत घालून क्षेत्रीय कार्यालयात जाते. नळ येण्याआधी मिळकतकराचे बिल येते, अशी तक्रार ह्या गावांतून वारंवार ऐकू येते, आणि ती खोटी म्हणता येत नाही.

त्यानंतर जे घडले ते ह्या इतिहासात अपूर्व आहे. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्याच महिन्यात पुणे जिल्हा परिषदेचीही. निवडणुका लांबत गेल्या आणि दोन्हीकडे प्रशासक बसले. वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. नव्याने आलेल्या २३ गावांची स्थिती तर अशी, की त्यांची पंचायत गेली आणि ज्या सभागृहात त्यांचा प्रतिनिधी बसायचा ते सभागृहच रिकामे. पेशवाईतही पाटील नसलेले गाव क्वचितच असेल. रिपनच्या नावाने सुरू झालेल्या स्थानिक स्वराज्याच्या दीडशे वर्षांच्या वाटचालीत, लोकसंख्येने एवढ्या मोठ्या शहराला आणि त्याच्या जिल्ह्याला एकाच वेळी निर्वाचित कारभारी नसावा, हे आम्हांला कचऱ्याच्या आणि वाहतुकीच्या प्रश्नाहून गंभीर वाटते. आणि त्याबद्दल शहरात फारशी हळहळ झाली नाही, हे त्याहूनही. नळाला पाणी येत असले की आपण समाधानी असतो. हवेलीतल्या एखाद्या वाडीची ग्रामसभा एक वेळ चुकली तर चार म्हातारे पारावर बसून सरपंचाला नावे ठेवतात. आपल्याला नावे ठेवायलाही कोणी उरले नव्हते.

ह्या सर्वांत दोन गावांची हकीकत वेगळी आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांच्या शिवारात शहराचा कचरा कित्येक वर्षे पडत आला. विहिरींचे पाणी बिघडले, आंदोलने झाली. १९९७ मध्ये जोडलेल्या गावांत ती होती, पुढे वगळली गेली, आणि २०१७ च्या अकरा गावांत पुन्हा आली. कर वाढला, सोयी वाढल्या नाहीत, अशी तेथल्या लोकांची तक्रार राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांना महापालिकेतून काढण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये दोघांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. पुण्याच्या पोटात जाऊन बाहेर आलेली ही गावे. त्यांच्या नगरपरिषदेला उत्पन्न किती पडेल, पाणी कोठून मिळेल, आणि कचऱ्याच्या डोंगराचे ती काय करील, हे तिला आता स्वतःच्या दप्तरात मांडावे लागेल आणि स्वतःच्या मतदारांपुढे वाचून दाखवावे लागेल.